मुलाला काढण्याआधी राउटर उघडून पाहा

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या अकरा वर्षांपासून एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करतात. सोयाबीन आणि तुरीचे अडते, दोन-तीन डाळमिल, खत-बियाण्यांची दुकाने असे दोनशेच्या आसपास पक्षकार आहेत. पाच संगणक एकमेकांना जोडलेले असून त्यांपैकी एकावर सगळ्यांचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा असतो. एका सोमवारी सकाळी टॅलीत एकही कंपनी उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे लागली होती आणि स्क्रीनवर एक इंग्रजी चिठ्ठी होती, की फाइली परत हव्या असतील तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. बॅकअपची हार्ड डिस्क कायम त्याच संगणकाला जोडलेली असे, त्यामुळे तीही गेली. साहेबांनी बजावले आहे की बाहेर एक शब्द जाता कामा नये. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या बावीस वर्षांच्या मदतनिसाने परीक्षेचा फॉर्म छापण्यासाठी पेन ड्राइव्ह लावला होता, म्हणून साहेबांचा संशय त्याच्यावर आहे आणि त्याला ‘तूर्त येऊ नको’ असे सांगितले आहे. हार्डवेअरचे काम पाहणारे गृहस्थ म्हणतात, सगळे फॉरमॅट मारतो, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल. भगिनी विचारतात: फॉरमॅट करावे का? पैसे भरावेत का? आणि पक्षकारांनी विचारले तर मी गप्प राहणे योग्य आहे का?

प्रकरण तातडीचे असल्यामुळे त्यांना दोन ओळींचे उत्तर त्याच दिवशी कळवले होते: फॉरमॅट थांबवा, सर्व संगणकांच्या लॅनच्या वायरी काढा, वाय-फाय बंद करा. सविस्तर उत्तर येथे देत आहे, कारण अशी कार्यालये मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मन त्या मुलापाशी थांबले आणि दुसऱ्या वाचनात पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन वाक्यांपाशी. एक वाक्य असे, की २०२० च्या टाळेबंदीत साहेबांना घरून टॅली पाहता यावी म्हणून राउटरमध्ये काहीतरी सेटिंग करून घेतले होते आणि त्याचा पासवर्ड म्हणजे कार्यालयाचे नाव व पुढे १२३. दुसरे असे, की घटनेच्या आठवडाभर आधी त्या मुख्य संगणकाच्या स्क्रीनवर तुम्हाला एक नवेच युजरचे नाव दिसले होते, पण हार्डवेअरवाल्यांनी केले असेल असे समजून तुम्ही कोणाला विचारले नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या दोन वाक्यांतच आहे.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना मोठा दरवाजा असतो आणि त्याच दरवाजात माणूस वाकून आत जाईल एवढी दिंडी असते. रात्री मोठ्या दरवाजाला अडसर घातला तरी दिंडीची कडी राहून गेली असेल, तर अडसराचा काही उपयोग होत नाही. घरून संगणक चालवता यावा म्हणून राउटरमध्ये जी वाट उघडली जाते, ती अशीच दिंडी आहे. विंडोजमधील रिमोट डेस्कटॉप या सोयीसाठी ३३८९ या क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, वापरले जाते, आणि ते इंटरनेटच्या बाजूने उघडे आहे का हे तपासत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना तुमचे गाव ठाऊक नसते आणि कार्यालय लहान की मोठे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. उघडी दिंडी सापडली की ते हजारो पासवर्ड एकामागून एक घालून पाहतात, आणि नावापुढे १२३ हा पासवर्ड त्यांच्या यादीत फार वरच्या बाजूला असतो. आत शिरलेला माणूस बहुधा लगेच फाइलींना हात लावत नाही. तो काही दिवस वावरतो, स्वतःसाठी एक वेगळा युजर तयार करतो, अँटिव्हायरस बंद करतो, काय घेण्यासारखे आहे ते पाहतो आणि मग कार्यालय बंद असण्याची वेळ साधून, म्हणजे बहुतेकदा शनिवार-रविवारच्या रात्री, कुलूप ठोकतो. तुमच्या पत्रातील सोमवार आणि आठवडाभर आधीचा तो अनोळखी युजर या गोष्टी याच्याशी जुळतात.

पेन ड्राइव्हमधून विषाणू येतच नाहीत असे मी म्हणत नाही. ती शक्यता तपासलीच पाहिजे. पण ती तपासण्याआधीच साहेबांनी निकाल देऊन टाकला आहे, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात अन्यायाखेरीज एक व्यावहारिक धोकाही आहे: मुलगा घरी बसेल आणि दिंडी उघडीच राहील. माझ्या माहितीतल्या एका कार्यालयात नेमके असेच घडले. दोष टंकलेखकाला लागला, संगणक त्याच संध्याकाळी फॉरमॅट झाले, राउटरकडे कोणी पाहिले नाही आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तीच चिठ्ठी स्क्रीनवर आली.

आता तुम्ही स्वतः काय पाहू शकता ते सांगतो. मुख्य संगणकावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ हा विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि त्याखाली सिक्युरिटी. तेथे प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. ४७२० म्हणजे नवा युजर तयार झाला, ४६२४ म्हणजे कोणीतरी यशस्वीपणे आत आले, ४६२५ म्हणजे पासवर्ड चुकल्यामुळे आत येता आले नाही, आणि ११०२ म्हणजे नोंदवहीच कोणी पुसली. सर्वांत आधी ४७२० शोधा आणि त्या अनोळखी युजरची जन्मतारीख व वेळ वहीत उतरवून घ्या. ती वेळ रात्री अडीचची निघाली, तर त्या वेळी तुमचा मदतनीस कार्यालयात नव्हता एवढे तरी कागदावर येईल. त्याच वेळेच्या आसपासच्या ४६२४ च्या नोंदी उघडल्यास ती व्यक्ती ज्या पत्त्यावरून आली तो आयपी क्रमांकही अनेकदा मिळतो. मात्र ही नोंदवही मूळ सेटिंगप्रमाणे फक्त २० एमबीची असते आणि भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिते, म्हणून ती आजच वेगळ्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर जतन करा. राउटरच्या सेटिंगच्या पानांचेही मोबाइलने फोटो काढा. तो रिसेट केला की पुरावा गेला.

हे काम तज्ज्ञांचे आहे, माझ्यासारख्या हिशेब लिहिणारीचे नाही, असे तुम्हाला वाटेल. तुमच्या पत्रातही तसा सूर आहे. मला ते मान्य नाही. १९८६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराचे बिल जुळेना आणि फरक होता अवघा ७५ सेंटचा. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला तो फरक शोधण्याचे किरकोळ काम दिले गेले. त्याने तो सोडून दिला नाही, आत शिरणाऱ्याला लगेच हाकलूनही लावले नाही, वेळ आणि हालचाल यांची रोजनिशी ठेवत राहिला. ज्या वाटेने परका माणूस अमेरिकी लष्कराच्या संगणकांपर्यंत पोहोचत होता, ती वाट महिनोन् महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत निघाली. ताळेबंदात एक रुपयाचा फरक राहिला तर तुम्ही घरी जात नसाल, हे मी न विचारता सांगू शकतो. तीच सवय येथे कामाची आहे. तो नवा युजर तुम्हाला दिसला होता, बाकी कोणालाही दिसला नव्हता.

फॉरमॅटबद्दल माझे मत स्पष्ट आहे: जुनी डिस्क पुसू नका. घरफोडी झालेल्या घरात पंचनामा होईपर्यंत आपण झाडू फिरवत नाही, तसेच हे आहे. हार्डवेअरवाल्या गृहस्थांची कळकळ खरी आहे, त्यांना तुमचे काम चालू करून द्यायचे आहे. त्यांना सांगा, की मुख्य संगणकाची जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा आणि नव्या डिस्कवर विंडोज टाका. खर्च काही हजारांचा आहे आणि त्यात पुराव्याबरोबर आशाही शाबूत राहते. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस यंत्रणा आणि नेदरलँड्सचे पोलीस यांच्या पुढाकाराने २०१६ पासून ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम चालतो. तेथे कुलूपबंद झालेली एखादी फाइल आणि ती चिठ्ठी दाखवली, की कुलूप कोणत्या जातीचे आहे आणि त्याची किल्ली उपलब्ध आहे का ते विनामूल्य कळते. फाइल निवडताना पक्षकाराची निवडू नका, एखादी बिनमहत्त्वाची द्या. आज किल्ली नसली तरी पुढे ती हाती लागू शकते, गुन्हेगारांची टोळी पकडली गेल्यावर असे घडलेले आहे. डिस्क पुसलेली असेल तर तेव्हा हळहळण्यापलीकडे काही उरणार नाही.

पैसे भरण्याचा प्रश्न साहेबांचा आहे, तुमचा नाही, पण ते तुमचे मत विचारतील म्हणून लिहितो. पैसे भरून फाइली परत मिळाल्याची उदाहरणे आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. तथापि समोरचा माणूस शब्दाला जागेल याची कसलीही खात्री नसते, आणि कधीकधी त्याची इच्छा असूनही ते शक्य नसते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्यामुळे ठप्प झाले. त्यात पैसे मागितले होते, परंतु फाइलींची मोडतोडच अशी झाली होती की पैसे भरूनही त्या परत येण्यासारख्या नव्हत्या, आणि संपर्कासाठी दिलेला ईमेल त्या सेवेने त्याच दिवशी बंद करून टाकला. शिवाय तुमचा डेटा वाटतो तितका नष्ट झालेला नाही. भरलेली जीएसटीआर-१ (विक्रीची) आणि ३बी (कराच्या गोषवाऱ्याची) विवरणपत्रे जीएसटी पोर्टलवर आहेत, खरेदीची बाजू जीएसटीआर-२बी मध्ये आहे, ई-वे बिले आहेत, बँकांचे उतारे आहेत, आयकराच्या पोर्टलवर कापलेल्या कराचा २६एएस आणि वर्षभराच्या व्यवहारांची नोंद असलेले एआयएस आहे. अडत्यांकडे हिशेबपट्ट्यांच्या प्रती असतात. मार्चच्या लेखापरीक्षणासाठी कोणाला टॅलीचा बॅकअप मेलने पाठवला होता का, ते पाठवलेल्या मेलमध्ये शोधा. अशा कार्यालयांत निम्मे काम तेथूनच परत मिळते असा माझा अनुभव आहे. जीएसटीची विवरणपत्रे भरण्याची ११ आणि २० तारीख डोक्यावर असताना हे कष्टाचे आहे, हे मी जाणतो. ज्यांची विवरणपत्रे मासिक आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा, तिमाहीवाल्यांना थोडी सवड आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही आणि जिची मला सर्वाधिक काळजी वाटते, तिच्याकडे येतो. तुम्ही लिहिता, की त्या संगणकावर ‘पासवर्ड’ याच नावाची एक एक्सेल फाइल होती आणि तीत दोनशे पक्षकारांचे जीएसटी व आयकर पोर्टलचे पासवर्ड होते. शिवाय आधार व पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. तुमच्या कार्यालयात सगळे ‘डेटा गेला’ म्हणत आहेत. माझी भीती अशी, की तो गेलेला नसून दोन ठिकाणी झाला आहे, एक प्रत तुमच्याकडे कुलूपबंद आणि दुसरी त्यांच्याकडे उघडी. कुलूप लावण्यापूर्वी फाइली उचलून नेणे ही या टोळ्यांची आता सर्रास पद्धत आहे. ती फाइल नेली गेली असे धरूनच चालावे लागेल.

म्हणून पासवर्ड बदला, पण क्रम चुकवू नका. आधी कार्यालयाचा ईमेल, कारण इतर सर्व पासवर्ड बदलण्याचे दुवे आणि ओटीपी तिकडे येतात आणि तो मेल त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडा राहिलेला असणार. मग बँक, मग जीएसटी, ई-वे बिल आणि आयकर. हे सगळे त्या पाच संगणकांपैकी एकावरही करू नका. नवा किंवा नुकताच स्वच्छ केलेला संगणक घ्या, नाही तर तूर्त मोबाइल वापरा. अन्यथा नवा पासवर्डही चोराच्या देखत टंकल्यासारखे होईल. काम करताना प्रत्येक पक्षकाराच्या खात्यावर नोंदवलेला मोबाइल कोणाचा आहे तेही पाहा. पुष्कळ कार्यालयांत तो पक्षकाराचा नसून कार्यालयाचाच असतो, आणि हे बदलण्याची वेळ आता आली आहे. डिजिटल सहीचे टोकन संगणकाला लागून राहिले असेल तर काढा आणि पिन बदला. टोकन हातात असेपर्यंत सही बाहेर जात नाही, लावलेले राहिले तर मात्र दूर बसलेला माणूसही ती करू शकतो.

यावरूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निघते. साहेबांना वाटते की गप्प राहिल्याने पत राहील. त्यांची धास्ती मला समजते, अडत बाजारात माणूस शब्दावर व्यवहार करतो आणि कुजबुज वाऱ्यासारखी पसरते. पण ज्याच्याकडे पक्षकारांची यादी, फोन क्रमांक आणि कराचे आकडे आहेत, तो उद्या एखाद्या अडत्याला फोन करून म्हणेल, ‘साहेबांच्या ऑफिसमधून बोलतोय, या महिन्याचा जीएसटी या खात्यावर टाका.’ आकडा बरोबर असेल, नाव बरोबर असेल, आणि तो बिचारा पैसे टाकेल. त्या दिवशी त्याला कळले की साहेबांना हे पंधरा दिवसांपासून ठाऊक होते, तर पत कोणत्या तोंडाने राखणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही हीच आहे, की ज्याची माहिती बाहेर गेली त्याला कळवले पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी ज्यांनी विश्वासाने आधारची प्रत दिली, त्यांचा तो हक्क आहे.

कळवण्याचा मजकूर लांब नको. ‘आमच्या कार्यालयाच्या संगणकांत अमुक तारखेला अनधिकृत प्रवेश झाला. आपल्या पोर्टलचा पासवर्ड आम्ही बदलत आहोत, आपल्याला ओटीपी येईल, तो फक्त मी स्वतः फोन केल्यावर सांगावा. कार्यालयाच्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. पोलिसांत तक्रार दिली आहे.’ एवढे पुरे. मोठ्या पक्षकारांना साहेबांनी स्वतः फोन करावा.

तक्रार खरोखर द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती नोंदवता येते, आणि पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक तत्काळ लावायचा असतो. जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे लेखी अर्ज, स्क्रीनचे फोटो आणि तुमची वेळवारी नोंद घेऊन जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली हा गुन्हा आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. तुमचे ६ तास कधीच उलटले आहेत, तरीही कळवा, उशीर झाला म्हणून टाळण्यात उशीर आणखी वाढतो.

साहेबांशी हे बोलायचे कसे, हा खरा पेच आहे. दिंडी त्यांच्याच सोयीसाठी उघडली गेली होती, म्हणून सर्वांसमोर तो विषय काढलात तर ते चिडतील आणि मुलावरचा राग दुप्पट होईल. कार्यालय रिकामे झाल्यावर वही घेऊन बसा आणि तारखांपासून सुरुवात करा: ‘साहेब, अमुक तारखेला रात्री अडीचला हा युजर तयार झाला आहे. तेव्हा आपल्यापैकी कोणीच इथे नव्हते. राउटर एकदा दाखवून घेऊ या.’ २०२० ची आठवण त्यांची त्यांना होऊ द्या. आणि आठवडाभर आधी तुम्हाला तो युजर दिसला होता, हेही न लपवता सांगा. ते सांगणे तुम्हाला जड जाईल. पण कार्यालयात ‘कोणी केले’ एवढेच विचारले जाते तेव्हा प्रत्येक जण आपापले तोंड मिटून घेतो. तुम्ही आठ दिवस बोलला नाहीत ते याच भीतीने, असे मला वाटते, आणि त्या मुलाने पेन ड्राइव्हविषयी काही लपवले असेल तर तेही याच भीतीने. पहिली कबुली तुमच्याकडून आली, तर त्याला आणि साहेबांनाही बोलणे सोपे जाईल.

एवढे करूनही साहेब नकोच म्हणाले तर? मी तुम्हाला लगेच त्यांच्या पाठीमागून पक्षकारांना फोन करायला सांगणार नाही. तुमचे म्हणणे एका कागदावर तारखेसह लिहून त्यांना द्या, प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दोन-तीन दिवस द्या. मात्र एखाद्या पक्षकाराने सरळ विचारले तर ‘काही झाले नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघू नये. ‘साहेबांशी बोला आणि पासवर्ड आजच बदला’ हे तुम्ही निर्धास्तपणे सांगू शकता.

पुढच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात. राउटरमधली ती वाट कायमची बंद करा. साहेबांना घरून काम हवेच असेल तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून येण्याची सुरक्षित जोडणी, आणि त्यावर ओटीपीसारखी दुसरी पायरी असावी. टॅलीचे फोल्डर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार देऊन शेअर केलेले असते, ते ज्यांचे काम आहे त्यांच्यापुरतेच ठेवा. तुमचा मुख्य संगणक विंडोज ७ वर चालतो असे तुम्ही लिहिले आहे. त्याची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० लाच थांबली आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला, त्यामुळे नवी डिस्क टाकताना जुने विंडोज पुन्हा टाकू नका. बॅकअपच्या मात्र दोन डिस्क घ्या. एक आज लावायची, काम झाले की काढायची आणि साहेबांच्या घरी पाठवायची. दुसऱ्या दिवशी दुसरी. संगणकाला कायम जोडलेली डिस्क आगीपासून वाचवत नाही आणि चोरापासूनही नाही, हे तुम्ही अनुभवलेच आहे. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एखाद्या पक्षकाराची कंपनी दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहायची, आकडे जुळले की वहीत तारीख टाकून सही करायची.

तपासात तो मुलगा निर्दोष ठरला, तर त्याला परत बोलावताना साहेबांनी स्वतः फोन करावा असे त्यांना सुचवा, निरोप तुमच्याकरवी जाऊ नये. आणि बॅकअपच्या त्या वहीचे काम त्याच्याकडे द्या, सही त्याची आणि पडताळणी तुमची.